चर्चच्या छतावरून ताऱ्यांचे आयुष्य वाचणारे फादर आंजेलो सेक्की

रोमच्या यात्रेला जाणारे आपल्याकडील भाविक संत पीटरचे महामंदिर पाहतात, भुयारी दफनभूमीत प्रार्थना करतात आणि परततात. सवड असलेले काही जण संत इग्नेशियसच्या चर्चमध्येही डोकावतात, कारण तेथील घुमट पाहण्याजोगा आहे असे वाटाड्या सांगतो. मान वर करून पाहिले तर खरोखरच भव्य घुमट दिसतो; परंतु चार पावले पुढे गेले की तो एका बाजूला कलंडल्यासारखा भासू लागतो. तेथे घुमट नाहीच. येशूसंघीय चित्रकार ब्रदर आंद्रेआ पोझ्झो यांनी १६८५ साली सपाट कापडावर तो रंगवलेला आहे. मूळ आराखड्यातील दगडी घुमट कधी बांधलाच गेला नाही.

तो घुमट ज्यांच्यावर उभा राहायचा होता ते खांब मात्र अगदी खरे आहेत, आणि त्यांची ताकद दोनशे वर्षे विनावापर पडून होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एका तरुण धर्मगुरूच्या ते लक्षात आले. दुर्बिणीला सर्वांत मोठा शत्रू म्हणजे हादरा. रोमन कॉलेजच्या जुन्या मनोऱ्यावरील वेधशाळा फार उंच आणि डळमळीत होती. या धर्मगुरूने चर्चच्या छतावर, त्या खांबांच्या माथ्यावर नवी वेधशाळा उभी केली. त्यांचे नाव फादर आंजेलो सेक्की.

आज त्यांचे स्मरण करण्याचे निमित्त खगोलशास्त्रातील एका प्रश्नाचे आहे. सूर्यामुळे पृथ्वीवर जीवन आहे, ग्रह सूर्याच्या आधाराने फिरतात, हे आपली मुले शाळेत शिकतात. पण उलट बाजूने पाहिले तर? ग्रह आपल्या ताऱ्याचे काही करतात काय? ताऱ्याचे तारुण्य, त्याची गिरकी, त्याचे म्हातारपण यांवर ग्रहांचा काही परिणाम होतो काय? (ग्रहांचा प्रभाव म्हटले की आपल्याकडे लगेच पत्रिका आणि साडेसाती आठवते. त्या विषयाशी या लेखाचा काडीचाही संबंध नाही, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो.) या प्रश्नाची उत्तरे गेल्या काही वर्षांत हाती येऊ लागली आहेत. ज्या साधनाने ती मिळतात ते ताऱ्यांच्या बाबतीत पद्धतशीरपणे वापरणाऱ्या पहिल्या मोजक्या माणसांत फादर सेक्की होते.

त्यांचा जन्म जून १८१८ मध्ये उत्तर इटलीतील रेज्जो एमिलिया या गावी झाला. वडील सुतारकाम करीत. गावातील येशूसंघीयांच्या शाळेत शिक्षण घेऊन वयाच्या पंधराव्या वर्षी, १८३३ च्या नोव्हेंबरात, आंजेलो रोम येथे येशूसंघाच्या नवशिष्यालयात दाखल झाला. गणित आणि पदार्थविज्ञान यांतील त्याची गती वरिष्ठांच्या लवकरच ध्यानी आली. १८४१ पासून काही वर्षे लोरेतो येथील कॉलेजात त्यांनी पदार्थविज्ञान शिकवले, मग ईशज्ञानाच्या अभ्यासासाठी ते रोमला परतले आणि सप्टेंबर १८४७ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

पुढच्याच वर्षी क्रांतीची लाट उसळली. १८४८ साली येशूसंघीयांना रोम सोडावे लागले. तिशीतले फादर सेक्की प्रथम इंग्लंडमधील स्टोनिहर्स्ट येथे गेले आणि तेथून आपल्या काही सहबंधूंसह जहाजाने अमेरिकेला, वॉशिंग्टनजवळच्या जॉर्जटाऊन कॉलेजात पोहोचले. हा वनवास त्यांना फळला, असेच म्हणावे लागेल. तेथील वेधशाळेचे प्रमुख फादर जेम्स कर्ली यांच्या सहवासात त्यांना आकाशाची गोडी लागली, आणि सागर व वारे यांचे थोर अभ्यासक मॅथ्यू मोरी यांच्याशी स्नेह जुळून हवामानशास्त्राची दीक्षा मिळाली. दरम्यान रोमन कॉलेजच्या वेधशाळेचे प्रमुख फादर फ्रान्चेस्को दे विको हेही निर्वासित होऊन फिरत असता नोव्हेंबर १८४८ मध्ये लंडनला निधन पावले. त्यांच्या जागी फादर सेक्की यांची निवड झाली. १८४९ च्या अखेरीस ते रोमला परतले आणि पुढे मरेपर्यंत त्यांनी ती वेधशाळा सोडली नाही.

नवव्या पायस पोप महाशयांचा त्यांना पाठिंबा होता. छतावरील नव्या वेधशाळेसाठी एका सहबंधूने आपल्या वारशाची रक्कम दिली. तीतून १८५४ साली म्युनिच येथील मेर्त्स कंपनीची सुमारे २४ सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण आली. आजच्या मानाने ती लहान वाटेल. पण त्या काळी इटलीत तिला तोड नव्हती.

फादर सेक्की यांनी हाती घेतले नाही असे काम शोधणे कठीण आहे. १८५८ साली त्यांनी मंगळाची रंगीत रेखाटने केली आणि तेथील एका काळसर पट्ट्याला कालवा या अर्थाचा शब्द वापरला. पुढे त्याच शब्दाने जगाला किती नादी लावले हे सर्वश्रुत आहे. दोष अर्थातच सेक्कींचा नव्हे. आप्पियन मार्गावर त्यांनी भूमापनाची आधाररेषा नव्याने मोजली. तापमान, हवेचा दाब, वारा, पाऊस आणि आर्द्रता यांची आपोआप नोंद करणारे त्यांचे हवामानयंत्र १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात गौरवले गेले. १८६५ च्या एप्रिलमध्ये पोप महाशयांच्या जहाजावरून त्यांनी पांढऱ्या तबकड्या समुद्रात सोडल्या आणि त्या किती खोलीवर दिसेनाशा होतात यावरून पाण्याची नितळता मोजली. ती सेक्की तबकडी आजही जगभर वापरली जाते. आपल्याकडे कोळंबीच्या तळ्यांवर पाण्याचा गढूळपणा पाहण्यासाठी दोरीला बांधलेली जी काळी-पांढरी तबकडी सोडतात ती हीच. तिचा जनक एक धर्मगुरू होता, हे ती सोडणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल?

तथापि त्यांची खरी कर्मभूमी रात्रीचे आकाश. १८३५ साली फ्रेंच तत्त्वज्ञ ओग्युस्त काँत यांनी असे प्रतिपादले होते की, ताऱ्यांचे अंतर व गती आपण कदाचित मोजू. परंतु ते कोणत्या द्रव्याचे बनले आहेत हे माणसाला कधीही कळणार नाही. पुढे पंचवीस वर्षेही झाली नाहीत तोच किर्खोफ आणि बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी हे विधान मोडीत काढले. सूर्यप्रकाश काचेच्या लोलकातून नेला की सप्तरंगी पट्टा पडतो आणि त्यात असंख्य बारीक काळ्या रेषा दिसतात. त्या रेषा फ्राउनहोफर यांनी १८१४ मध्येच टिपल्या होत्या. पण प्रत्येक मूलद्रव्याची रेषांची आपली अशी ठेवण असते, जणू बोटांचे ठसेच, हे १८५९-६० मध्ये उलगडले. म्हणजे प्रकाश वाचता आला तर दिवा कशाचा आहे हे सांगता येते.

१८६२ च्या सुमारास फ्रेंच शास्त्रज्ञ जूल जान्सेन आपला वर्णपटदर्शक घेऊन रोमला आले आणि संत इग्नेशियसच्या छतावरील दुर्बिणीला तो जोडून दोघांनी तारे पाहिले. तेथून फादर सेक्की या कामात असे गढले की, पुढील सुमारे पंधरा वर्षांत त्यांनी चार हजारांहून अधिक ताऱ्यांचे वर्णपट डोळ्यांनी तपासले. हे काम किती कष्टाचे होते याची कल्पना करणे आज अवघड आहे. छायाचित्रणाची मदत नव्हती. मिणमिणत्या ताऱ्याचा आधीच क्षीण असलेला प्रकाश लोलकाने आणखी पसरवायचा, थंडीत अंधारात डोळा लावून बसायचे, जे दिसेल ते हाताने कागदावर उतरवायचे आणि सकाळी वेळेवर मिस्सासाठी उभे राहायचे.

इतक्या ताऱ्यांचे वर्णपट पाहिल्यावर त्यांना एक गोष्ट जाणवली. तारे असंख्य, पण वर्णपटांचे नमुने मोजकेच. १८६३ पासून १८६८ पर्यंत सुधारत नेलेल्या वर्गीकरणात त्यांनी चार प्रकार ठरवले. पहिल्यात व्याध आणि अभिजित यांसारखे पांढरे-निळसर तारे, ज्यांत हायड्रोजनच्या ठळक रेषा असतात. दुसऱ्यात आपला सूर्य, ब्रह्महृदय, स्वाती असे पिवळसर तारे, ज्यांत धातूंच्या बारीक रेषांची दाटी असते. तिसऱ्यात काक्षी आणि ज्येष्ठा यांसारखे तांबूस तारे. यांत रेषांऐवजी रुंद पट्टे दिसतात. चौथा प्रकार गडद लाल आणि मंद ताऱ्यांचा. हे तारे नुसत्या डोळ्यांनी दिसणे जवळजवळ अशक्य. त्यांचे पट्टे प्रयोगशाळेतील कार्बनच्या वर्णपटाशी ताडून फादर सेक्की यांनी ओळखले की, येथे कार्बन आहे. पुढे १८७७ मध्ये त्यांनी पाचवा प्रकार जोडला. त्यात शर्मिष्ठेतील गॅमा हा तारा येतो. त्याच्या वर्णपटात काळ्या नव्हे तर उजळ रेषा असल्याचे त्यांनी १८६६ मध्येच पाहिले होते.

नंतर हार्वर्ड वेधशाळेतील महिला संशोधकांनी लाखो ताऱ्यांची अधिक बारीक वर्गवारी केली आणि सेक्कींचे आकडे मागे पडले. १९२५ साली सेसिलिया पेन यांनी दाखवले की या प्रकारांतील भेद मुख्यतः तापमानाचा आहे. घटकद्रव्ये बहुतेक सर्वत्र सारखीच. आणि तापमान बदलते ते ताऱ्याच्या वस्तुमानानुसार व वयानुसार. सूर्यासारखा तारा म्हातारा झाला म्हणजे फुगतो, वरून थंडावतो, तांबडा होतो. आज दुसऱ्या प्रकारात असलेला आपला सूर्य सुमारे ५ अब्ज वर्षांनी तिसऱ्या प्रकाराकडे झुकू लागेल. चौथ्या प्रकारातील कित्येक तारे तर अगदी शेवटच्या घटका मोजणारे आहेत. आतल्या भट्टीत तयार झालेला कार्बन वर येऊन त्यांचा पृष्ठभाग माखलेला असतो.

येथेच ग्रहांचा प्रश्न उपस्थित होतो. तारा फुगू लागला की जवळच्या ग्रहांचे काय होणार? उत्तर सरळ आहे. तारा त्यांना गिळतो. बुध आणि शुक्र यांची तीच गत होईल, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. पृथ्वीबाबत अद्याप मतभेद आहेत. पण आम्हाला अधिक कुतूहल वाटते ते यापुढच्या गोष्टीचे. गिळलेला ग्रह नुसता नाहीसा होत नाही. तो भोवऱ्यासारखा आत जाताना आपली गती ताऱ्याला देतो. तारा पूर्वीपेक्षा वेगाने गिरकी घेऊ लागतो. त्या घर्षणातून उष्णता निर्माण होऊन ताऱ्याची वरची आवरणे उधळली जाऊ शकतात. शिवाय ग्रहाचे द्रव्य ताऱ्याच्या अंगात मिसळते आणि ते वर्णपटात दिसते. लिथियम हा हलका धातू ताऱ्याच्या आतील उष्णतेत जळून जातो, म्हणून म्हाताऱ्या तांबड्या ताऱ्यात तो फारसा सापडू नये. काही थोड्या ताऱ्यांत तो आश्चर्य वाटावे इतका सापडतो. त्यांपैकी काहींनी ग्रह गिळला असावा, असा एक कयास आहे. मात्र तारा स्वतःही थोडा लिथियम निर्माण करू शकतो, त्यामुळे हा पुरावा एकट्याने पुरेसा ठरत नाही.

अधिक भक्कम पुरावा जुळ्या ताऱ्यांनी दिला. एकाच मेघातून एकाच वेळी जन्मलेल्या दोन ताऱ्यांचे घटक सारखेच असायला हवेत. २०१७ मध्ये सुमारे ३५० प्रकाशवर्षे दूर असलेल्या अशा एका जोडीतील एचडी २४०४३० या ताऱ्यात लोह, सिलिकॉन, मॅग्नेशियम अशा खडकाळ द्रव्यांचे प्रमाण भावापेक्षा बरेच अधिक आढळले. पृथ्वीच्या सुमारे १५ पट खडक त्याच्या पोटात गेला असावा असा हिशेब निघाला. शास्त्रज्ञांनी त्याला क्रोनोस हे टोपणनाव दिले, ग्रीक पुराणात आपलीच मुले गिळणाऱ्या देवावरून. पुढे २०२४ मध्ये ९१ जोड्या तपासल्या गेल्या आणि साधारण बारांतील एका जोडीत ग्रह गिळल्याच्या खुणा मिळाल्या. आमच्या मते या आकड्याचे महत्त्व मोठे आहे. ग्रह गिळणे हा विरळा अपघात नसून ताऱ्यांच्या घरात बऱ्यापैकी घडणारी घटना आहे, असा त्याचा अर्थ होतो. तसेच हे सारे तारे म्हातारे नाहीत. भरल्या वयातही ग्रहांच्या कक्षा बिघडून एखादा ग्रह ताऱ्यावर जाऊन आदळतो.

२०२० साली तर प्रत्यक्ष गिळण्याचा क्षण टिपला गेला. गरुड तारकासमूहात सुमारे १२,००० प्रकाशवर्षे दूर एक तारा काही दिवस शंभरपटींहून अधिक उजळला आणि मग धुळीत झाकोळला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले किशलय डे यांच्या चमूने २०२३ मध्ये हे ग्रह गिळण्याचे पहिले दर्शन असल्याचे जाहीर केले. प्रारंभी वाटले होते की तारा फुगला आणि ग्रह त्यात सापडला. २०२५ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांनी वेगळी बाजू दाखवली: तारा फुगलेला नव्हता, ग्रहच हळूहळू कक्षा आवळत त्याच्यावर जाऊन पडला. अशीच कक्षा सारथी तारकासमूहातील वास्प-१२ या ताऱ्याभोवतीच्या महाकाय ग्रहाची आज आवळत चालली आहे. तो एका दिवसाहून थोड्या अधिक वेळात फेरी पूर्ण करतो आणि दरवर्षी त्याची फेरी एका सेकंदाच्या सुमारे २९ हजारांशांनी लहान होते.

फादर सेक्की यांना यातले काही ठाऊक असणे शक्य नव्हते. त्यांच्या काळी सूर्याखेरीज अन्य कोणत्याही ताऱ्याचा एकही ग्रह माहीत नव्हता. तरी इतर ताऱ्यांभोवती जगे असतील आणि तेथे जीवनही असेल, अशी त्यांची धारणा होती. विश्वाचा हा अफाट पसारा निर्मात्याने ओसाड ठेवला असेल, हे त्यांना पटत नसे, आणि हे ते उघडपणे लिहीत. शिवाय त्यांनी एक प्रयत्न केला होता, ज्याची आठवण येथे करून देणे भाग आहे. तारा आपल्याकडे येत असेल अथवा दूर जात असेल तर त्याच्या वर्णपटातील रेषा किंचित सरकायला हव्यात. १८६८ मध्ये सेक्कींनी व्याधाच्या रेषांत असे सरकणे शोधले. त्यांच्या साधनाला ते दिसले नाही. १२७ वर्षांनी, १९९५ मध्ये, मिशेल मायोर आणि दिदिए केलो यांनी महाश्व तारकासमूहातील ५१ क्रमांकाच्या ताऱ्याच्या रेषांत हीच हालचाल पकडली. ग्रह ताऱ्याला ओढतो, तारा डोलतो, रेषा मागेपुढे होतात. सूर्यासारख्या ताऱ्याचा पहिला बाह्यग्रह अशा रीतीने सापडला. २०१९ साली या दोघांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

सूर्य हा फादर सेक्की यांचा दुसरा ध्यास. १८ जुलै १८६० च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी ते स्पेनच्या पूर्व किनाऱ्याजवळ गेले. ग्रहणात सूर्याच्या कडेला दिसणाऱ्या तांबड्या ज्वाला सूर्याच्या की चंद्राच्या, हा तेव्हा वादाचा विषय होता. त्यांची छायाचित्रे आणि स्पेनमध्येच दूर अंतरावरून इंग्रज शास्त्रज्ञ वॉरन द ला रू यांनी घेतलेली छायाचित्रे ताडून पाहता दोन्हींत ज्वाला जुळल्या. त्या सूर्याच्याच ठरल्या. पुढे १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात जान्सेन यांनी आंध्रातील गुंटूर येथून ही ज्वाला ग्रहणाविनाही पाहण्याची युक्ती शोधली, आणि फादर सेक्की रोमच्या छतावरून त्या दररोज रेखाटू लागले. (हेलियमचा शोध याच ग्रहणात नॉर्मन लॉक्यर यांनी विजयदुर्गावरून लावला असे आपल्याकडे आवर्जून सांगितले जाते. लॉक्यर १८६८ मध्ये इंग्लंडातच होते. विजयदुर्गावर ते आले ते १८९८ च्या ग्रहणासाठी.) या साऱ्या अभ्यासाचे सार त्यांनी १८७० साली पॅरिस येथे प्रसिद्ध केलेल्या सूर्यावरील ग्रंथात आले.

त्याच दशकांत सूर्यावरील डागांची संख्या सुमारे अकरा वर्षांनी वरखाली होते आणि गुरूला सूर्याभोवती फिरायला जवळजवळ बारा वर्षे लागतात, या साम्यावरून ग्रहच डाग निर्माण करीत असावेत असा तर्क रुडॉल्फ वोल्फ आणि द ला रू यांच्यासारख्यांनी मांडला होता. सूर्यापुरता हा तर्क आजवर सिद्ध झालेला नाही. बहुसंख्य शास्त्रज्ञ डागांचे कारण सूर्याच्या पोटातच शोधतात. परंतु ज्या ताऱ्यांना अगदी चिकटून मोठे ग्रह फिरतात त्यांची गोष्ट निराळी. भूतप तारकासमूहातील टाउ ताऱ्याची गिरकी त्याच्या महाकाय ग्रहाच्या फेरीशी जुळलेली दिसते. दोन्हींना सव्वातीन दिवसांच्या आसपास लागतात. आपल्या सूर्याला विषुववृत्तावर एका गिरकीस सुमारे २५ दिवस लागतात, हे लक्षात घ्यावे. वयपरत्वे मंदावायला हवा असा तारा ग्रहाच्या ओढीने वेगवान राहतो आणि आपल्या वयापेक्षा तरुण दिसतो. २०२५ मध्ये एचआयपी ६७५२२ या कोवळ्या ताऱ्याबाबत असे आढळले की, ७ दिवसांत फेरी मारणारा त्याचा ग्रह ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र डिवचून त्याच्यावर भडके उडवतो. ते भडके ग्रहाच्याच वातावरणाची धूळधाण करतात.

फादर सेक्की यांच्या परिश्रमाचे एक बीज भारतातही पडले. १८७१ साली त्यांनी पिएत्रो ताक्किनी आदी सहकाऱ्यांसह इटालियन वर्णपटशास्त्रज्ञांची संस्था स्थापन केली. ताऱ्यांच्या पदार्थविज्ञानाला वाहिलेली ही जगातील पहिली संस्था मानली जाते. ९ डिसेंबर १८७४ रोजी शुक्राचे सूर्यबिंबावरील अधिक्रमण पाहण्यासाठी ताक्किनी बंगालमधील मधुपूर येथे आले, तेव्हा कोलकात्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील येशूसंघीय फादर यूजीन लाफोँ त्यांच्या पथकात सामील झाले. ताक्किनींच्या आग्रहावरून फादर लाफोँ यांनी कॉलेजात वेधशाळा उभारली. विज्ञान लोकांपर्यंत पोहोचवणारे म्हणून त्यांचे नाव बंगालमध्ये आजही घेतले जाते.

या सर्व धामधुमीत १८७० साल उजाडले. २० सप्टेंबर रोजी इटलीच्या सैन्याने रोममध्ये प्रवेश केला आणि पोप महाशयांची ऐहिक सत्ता संपली. रोमन कॉलेजच्या वास्तूत सरकारी शाळा भरू लागली. १८७३ च्या कायद्याने येशूसंघाला ती वास्तू गमवावी लागली. पुढे तेथे राष्ट्रीय ग्रंथालयही आले. नवे सरकार फादर सेक्की यांना दुखवू इच्छीत नव्हते. सारे युरोप त्यांना ओळखत होते. त्यांना रोमच्या विद्यापीठात प्राध्यापकपद देऊ करण्यात आले. ते स्वीकारले असते तर वेतन, मान, साधने आणि कदाचित नवी दुर्बीण, सारे मिळाले असते. पण आपल्या संघाला घराबाहेर काढणाऱ्या सत्तेची नोकरी पत्करणे म्हणजे पोप महाशयांची साथ सोडणे ठरले असते. त्यांनी ते पद अखेर घेतले नाही. दुसरीकडे त्यांच्या वैज्ञानिक मतांमुळे, विशेषतः सर्व भौतिक शक्ती मुळात एकच आहेत असे मांडणाऱ्या १८६४ च्या ग्रंथामुळे, खुद्द धर्मपंडितांपैकी काहीजण त्यांच्यावर नाराज होते. १८७२ साली पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय मीटर आयोगावर ते परमपीठाच्या वतीने बसले, तेव्हा इटालियन सरकारने हरकत घेतली. थोडक्यात, दोन्ही बाजूंना ते पुरते आपले वाटत नव्हते.

सरकारने शेवटी त्यांना वेधशाळेपुरते तेथेच राहू दिले. सहबंधू पांगलेले, खालच्या मजल्यांवर परक्यांचा वावर, आणि वर छतावर हा एक धर्मगुरू आपल्या दुर्बिणीपाशी. हा एकांत त्यांना किती जाचला असेल, हे केवळ त्यांनाच ठाऊक. पण काम थांबले नाही. ताऱ्यांवरील त्यांचा मोठा ग्रंथ १८७७ मध्ये मिलान येथे प्रसिद्ध झाला. त्यांच्या एकंदर लिखाणांची संख्या सातशेच्या वर जाते. तोवर जठराच्या कर्करोगाने त्यांना घेरले होते. ७ फेब्रुवारी १८७८ रोजी नववे पायस पोप महाशय प्रभुघरी गेले आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, २६ फेब्रुवारीला, फादर सेक्की यांनीही रोमन कॉलेजमध्येच देह ठेवला. वय ५९. पुढच्याच वर्षी वेधशाळा सरकारने ताब्यात घेतली आणि तिचे प्रमुखपद त्यांचेच सहकारी ताक्किनी यांच्याकडे गेले.

१८९१ साली तेराव्या लिओ पोप महाशयांनी व्हॅटिकनची वेधशाळा नव्याने स्थापन केली. पुढे रोमचे दिवे वाढले, आकाश उजळले, म्हणून ती १९३० च्या दशकात कास्तेल गांदोल्फो येथे हलवण्यात आली. तिची मोठी दुर्बीण आता अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात माउंट ग्रॅहॅमवर आहे. २०२५ पासून या वेधशाळेचे संचालकपद गोवा प्रांतातील येशूसंघीय फादर रिचर्ड डिसोझा यांच्याकडे आले. आपल्या शेजारच्या मातीशी नाते सांगणारा धर्मगुरू त्या जागी बसला याचा आम्हाला विशेष आनंद आहे. त्यांचा अभ्यास दीर्घिकांचा. देवयानी दीर्घिकेने सुमारे २ अब्ज वर्षांपूर्वी एक मोठी दीर्घिका गिळली असावी, हे त्यांनी एका सहकाऱ्यासह २०१८ मध्ये तिच्याभोवतीच्या ताऱ्यांतील खुणांवरून दाखवले. गिळलेले लपत नाही, हे दीर्घिकांनाही लागू पडते.

सेक्कींच्या मूळ कामाचा धागाही याच वेधशाळेने पुढे चालवला आहे. माउंट ग्रॅहॅमवरील व्हॅटिकनच्या दुर्बिणीपासून प्रकाशतंतूंची वाहिनी शेजारच्या मोठ्या दुर्बिणीच्या इमारतीतील वर्णपटमापीपर्यंत नेलेली आहे. जर्मनीतील पॉट्सडॅमच्या खगोलभौतिकी संस्थेबरोबर व्हॅटिकनच्या येशूसंघीय शास्त्रज्ञांनी तिच्यातून हजाराहून अधिक तेजस्वी ताऱ्यांचे वर्णपट घेतले. निवड अशा ताऱ्यांची केली की ज्यांच्याभोवती ग्रह असण्याचा संभव आहे. प्रत्येक ताऱ्याचे तापमान, गिरकीचा वेग, लिथियम, लोह आणि इतर द्रव्यांचे प्रमाण यांची यादी तयार होऊन २०२४ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध झाली. या ताऱ्यांभोवती पुढे जे ग्रह सापडतील त्यांनी आपल्या ताऱ्यावर कोणती खूण उमटवली आहे, हे पाहण्यासाठी संशोधक आता ही यादी चाळत आहेत.